उजवीकडून पहिला डबा

सनाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलथत होते. "मावशी, दादी गयी," एवढंच ती म्हणाली. खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, आता भांडायचं कुणाशी? मग खाली उतरले, हात धुतले, तरी न राहवून डोळ्याला बोट लागलंच, आणि मिरचीनं जो काही दंगा केला त्यात बाकीचं रडणंही उरकून घेतलं. शेजारणीला वाटलं, नुसती मिरचीच लागली आहे. मेहरूआपाला हे फार आवडलं असतं. रडण्यासाठी काहीतरी निमित्त असावं, उगाच रडू नये, अशा मताची ती बाई होती.

मेहरूआपा म्हणजे तळोद्याच्या बाजारातली बांगडीवाली. मणियारांचं घर, सासऱ्यांच्याही आधीपासूनचं दुकान. पुढे बांगड्या आणि मागच्या खोलीत तिचे मिस्टर हनीफभाई यांची केबल. त्या काळी अर्ध्या गावाच्या टीव्हीला जाणाऱ्या तारा त्या खोलीतून निघायच्या. मी तिथल्या कॉलेजात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. माझं माहेर तापीकाठचं प्रकाशा, तिचं माहेर शहादा. मी पुस्तकातली, ती बाजारातली. आमचं जमायचं काही कारण नव्हतं. जमलं ते एका परदेशी मालिकेवरून. अंतराळात निघालेलं एक मोठं जहाज, त्यातली माणसं, हिंदीत बोलणारी. मूळ नाव कुणाला उच्चारता आलं नाही, म्हणून गावानं तिला 'जहाज' म्हणायचं ठरवलं. "जहाज लागनं का?" असं दुपारी जेवणं उरकली की बाया एकमेकींना विचारायच्या. मालिकेचे सात सीझन होते. आम्ही सीझन म्हणत नव्हतो, डबा म्हणायचो, कारण सुरतेहून ते सात डब्यांतून आले होते. कायदेशीर होते का, ते कृपा करून विचारू नका.

आपा गेल्यानंतरच्या चाळिसाव्याला आम्ही सगळे त्या मागच्या खोलीत बसलो होतो. जेवणं झाली होती, दुआ झाली होती. आणि सनानं, म्हणजे आपाच्या नातीनं, सगळ्यांसमोर मला विचारलं, "मावशी, आते तरी सांगा ना. कोन जितनं?" पंधरा-सोळा वर्षं आपा आणि माझ्यात एक भांडण चाललं होतं. बाजारातले निम्मे लोक तिच्या बाजूनं होते, आणि माझ्या बाजूनं... मी होते. त्या भांडणाचा निकाल आपा जाण्याआधी लागला आहे हे सर्वांना कळलं होतं. निकाल काय, ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं. तेव्हा मी म्हटलं, लिहून सांगते. तोंडानं सांगताना मला ते जमलं नसतं. तर हा तो निकाल.

भांडण कशाचं ते आधी सांगायला हवं. डबे आले त्या दिवशी हनीफभाईंनी ते टीव्हीसमोरच्या लाकडी फळीवर नीट क्रमानं लावले. डाव्या बाजूला पहिला, उजव्या बाजूला सातवा. डब्यांवर नुसती चित्रं आणि कुठल्याशा भाषेतली वेलबुट्टीदार अक्षरं, आकडा एकावरही नाही. मग ते केबलच्या खांबांच्या कामाला शहाद्याकडे निघून गेले. जाताना आपाला म्हणाले, "फळीवरचे डबे ओळीनं लाव." आता आपा शिकलेली उर्दू शाळेत. तिचं पुस्तक उजवीकडून उघडतं. तिनं उजवीकडचा पहिला डबा उचलला. म्हणजे सातवा! त्यानंतर सहावा, मग पाचवा... असं करत करत अख्ख्या तळोद्यानं ती मालिका शेवटच्या डब्यापासून पहिल्यापर्यंत पाहिली. डब्याच्या आतल्या तबकड्या मात्र क्रमानं, त्यांच्यावर आकडे होते. आणि हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. जिचा जन्म खंड एक, खंड दोन असे फळीवर लावण्यात गेला, ती बाई रोज दुपारी रजा टाकल्यासारखी येऊन बसत होती आणि उलटी गोष्ट सुलटी समजून पाहत होती. हे कॉलेजातल्या कुणाला सांगू नकोस, अशी मी आपाला पुष्कळदा विनवणी केली. ती सगळ्यांना सांगत सुटली.

आम्ही पाहिलेल्या पहिल्या डब्यात सगळी मरामरीच होती. जहाजाची कप्तान एक बाई होती, आम्ही तिला कप्तानीण म्हणायचो. ती शेवटच्या भागात गेली. तिला एका पेटीत ठेवून अंधारात सोडून दिलं. बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आपानं पुढचा डबा लावला, तर कप्तानीण आपली खुर्चीवर बसून हुकूम सोडते आहे! खोलीत एकच गलका. सगळ्यांत मोठ्यानं ओरडला तो दित्या. दित्या म्हणजे वरच्या पाड्यातला जीपवाला; जीप भरेपर्यंत तो दुकानाच्या दारात उभा राहून मालिका बघायचा. "वं आपा, हिले तं पेटीमां घालीसन सोडी दिन्हं व्हतं ना!" आपा एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "व्हतं. पन जहाज आते घरकडे चालनं ना. मंग रस्तामां सोडेल मानसं परत भेटतीनच."

बस, झालं. एवढ्या एका वाक्यावर सगळ्या गावाचं समाधान झालं. जहाज घरी परत चाललं आहे, आणि जाताना वाटेत ज्यांना सोडलं ते येताना एकेक करून भेटत आहेत. त्यानंतर जो जो डबा लागे त्यात कुणी ना कुणी जिवंत होऊन यायचं. एक यंत्रमाणूस होता, त्याला आम्ही पत्र्या म्हणायचो. तो आधी मोडून पडलेला दिसला, नंतर लंगडत चालू लागला आणि शेवटी तर नाचला. लहान मुलं डब्यागणिक आणखी लहान होत गेली, तेव्हा अंतराळात वय उतरत असणार, असा खुलासा मी स्वतः केला होता, ग्रंथपालाच्या अधिकारानं. दित्या हे सगळं जीपमध्ये सांगत सांगत वर न्यायचा. ज्या पाड्यांवर टीव्ही नव्हता तिथेही पावरी बोलीतून जहाज पोचलं होतं. लोक बाजाराच्या दिवशी खाली उतरले की आपाला विचारायचे, आज कोण परत आलं?

शेवटचा डबा लागला, म्हणजे खरा पहिला, तेव्हा जहाज जमिनीवर होतं. सगळी माणसं आपापल्या घरी, सगळी जिवंत, तरणीताठी, जहाजाची ठोकपीट चाललेली. आम्ही समजलो, पोचले, आता दुरुस्ती करतायत. अगदी शेवटच्या भागात जहाजाच्या दाराशी सगळ्या आया, नवरे, पोरं जमली. एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागली. आमच्या खोलीतही कुणाचा डोळा कोरडा नव्हता. आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली! लोडशेडिंगचे दिवस, कुणाला नवल वाटलं नाही. मी मात्र चिडले. शेवट राहिला ना! आपा म्हणाली, "जाऊ दे वं. सर्वा घर पोचनात ना? बस. आते काय ऱ्हायनं, पडदावरना नावंच ऱ्हायनात." तिनं गल्ल्यातून पैसे काढून दित्याला पिटाळलं आणि त्या दिवशी बाजारात जिलेबी वाटली. पुढे ती मालिका तिनं दर वर्षी लावली, पण गळाभेटी झाल्या की तबकडी काढून घ्यायची. गोष्ट संपली होती.

मग सुरू झाले वाद. कोणता डबा सगळ्यांत चांगला? हा वाद बांगड्यांच्या गादीवर चालायचा, कारण आपाची कामाची रीतच तशी होती. बांगडी चढवताना बाई हात आवळून धरते, आणि हात आवळला की काच फुटते. म्हणून आपा समोरच्या बाईशी भांडण उकरून काढायची. "तुले पाचवा डबा आवडस? काय शे त्यामां?" की ती बाई तावातावानं सांगू लागे, तिचं लक्ष हातावरून उडे, आणि तेवढ्यात आपा अख्खा जोड मनगटावर सरकवून मोकळी. माझ्यावर तर तिनं हा प्रयोग वर्षानुवर्षं केला. मी अगदी मुद्द्यावर आले की ती म्हणायची, "हात ढिला सोड, पुस्तकवाली," आणि मुद्दा राहायचा बाजूला, माझ्या हातात हिरव्या बांगड्या. आजवर तिच्याकडून मी किती बांगड्या केवळ भांडणापायी भरल्या असतील, देव जाणे. तिचा आवडता डबा आमच्या हिशोबानं सातवा, सगळे घरी असलेला. हनीफभाईंना मारामाऱ्यांचा आवडे. मला तिसरा. दित्याला चौथा, कारण त्यात जहाजातच माती आणून शेती करतात आणि पाणी पुरत नाही. "त्यासनी बी टँकर मागाडाले पायजे," असं तो गंभीरपणे म्हणायचा.

हे असं सुखात चाललेलं असताना सना मोठी झाली, कॉलेजात गेली, आणि एक दिवस हातात मोबाइल घेऊन खोलीत आली. चेहरा असा, की घरात काहीतरी मोठं फुटलं आहे. "दादी, तुमीन सर्वासनी उलटं देखं!" तिनं जगभरच्या चाहत्यांचं सगळं लिहिलेलं वाचून दाखवलं. आमचा सातवा तो त्यांचा पहिला, आमचा दुसरा तो त्यांचा सहावा. जहाज घरी येतच नव्हतं. ते घरून निघालं होतं! हनीफभाई फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "मी डावीकडून लावले होते." आपा म्हणाली, "मन्ही किताब तं उजव्या आंगे उघडस." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपा जी हसायला लागली ती गादीवर आडवी झाली. हनीफभाईंना पाणी आणावं लागलं. मला हसू आलं नाही. माझ्या पायाखालची फरशी सरकली होती. एकटा दित्या तेवढा निवांत. "मन्हा चौथा इकडथून बी चौथा आनि तिकडथून बी चौथा. तुमीन भांडा," म्हणाला आणि जीपचा हॉर्न वाजवत निघून गेला.

तेव्हापासून आमचं भांडण पेटलं ते पेटलं. मी म्हणायचे, लिहिणाऱ्यानं एक क्रम ठरवला आहे, तोच खरा. निघणाऱ्यांची गोष्ट आपण पोचणाऱ्यांची करून बसलो, हे चूक आहे, पुन्हा पहिल्यापासून नीट पाहिलं पाहिजे. आपा म्हणायची, "लिखनारानी लिखं. पन देखनारं कोन? मी." सनानं तिला आणखी वाचून दाखवलं, की त्या चाहत्यांत सातवा सीझन सगळ्यांना नकोसा आहे, सगळे मरतात म्हणून, आणि पहिला कंटाळवाणा आहे म्हणे, कारण त्यात काही घडतच नाही. आपाला त्यांची खरंच कीव आली. "काही घडत नही? अरे, सर्वा जित्ता शेतस त्यामां! त्यासले सांग, शेवटथून देखा म्हना." सनानं तसं लिहिलंसुद्धा. त्यावर कुठल्या कुठल्या देशांतून हसण्याची चित्रं आली. आपानं ती सगळी आपल्या बाजूची मतं म्हणून धरली. मी दर भेटीत विषय काढायचे, ती दर भेटीत मला बांगड्या भरायची. असं चाललं होतं, आणि माझी अगदी खात्री होती, की एक ना एक दिवस मी तिच्याकडून कबूल करून घेईन.

गेल्या वर्षी आपाचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना नको, दुकान नको सांगितलं. तिची खाट मागच्या खोलीत आली. केबल कधीच बंद पडली होती, घरोघर डिशच्या छत्र्या आल्या होत्या, पण फळी आणि डबे जागच्या जागी होते. एका दुपारी मी गेले तर ती उशीला टेकून बसलेली. म्हणाली, "चाल पुस्तकवाली. एकदाव तुन्हा परमाने देखी टाकू." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तिचं आजारपणसुद्धा मी क्षणभर विसरले. मी डाव्या बाजूचा पहिला डबा काढला आणि आम्ही रोज दुपारी बघायला लागलो, अगदी शास्त्रशुद्ध. त्या डब्याच्या शेवटी गळाभेटी आल्या, आपाचा हात सवयीनं तबकडी काढायला उठला, मी तो धरून ठेवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही पुढचं पाहिलं. गळ्यातले हात सुटले. कप्तानीण आणि बाकीचे आत गेले. दार बंद झालं. जहाज वर उठलं, आणि खाली उरलेली माणसं मान वर करून बघत राहिली... आपा पडद्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "वं माय. ह्या तं चालनात." आणि थोड्या वेळानं, "आनि आपीन जलेबी वाटी!" त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो, की तिला ठसका लागला आणि हनीफभाई धावत आले. मला बोलणी खावी लागली. बरोबरच होतं त्यांचं.

पुढचे डबे आम्ही नीट ओळीनं पाहिले. आणि रोज मला ते थोडं थोडं नावडू लागलं. बरोबर क्रम म्हणजे काय, तर रोज कुणीतरी कमी होणं. पत्र्या नाचायचा, मग लंगडू लागला. मुलं मोठी झाली. ज्यांच्या परत येण्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, ती माणसं एकेक करून वाटेत राहिली. माझ्या मनासारखं चाललं होतं ना! इकडे आपाचे पाय सुजू लागले होते. डॉक्टरांनी हनीफभाईंना बाहेर नेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. एका दुपारी सहावा डबा संपला. फळीवर उरला तो उजवीकडचा, सातवा. कप्तानीण ज्यात जाते तो. मी उठून फळीपाशी गेले, डब्यावर हात ठेवला, आणि माझ्यानं तो उचलवेना. मागे खाटेवर आपा होती. ती बघत होती हे मला पाठीला कळत होतं.

मी तसाच हात डावीकडे नेला आणि पहिला डबा काढला. त्यातली शेवटची तबकडी लावली. जहाज जमिनीवर होतं, सगळी घरची माणसं दाराशी जमत होती. कप्तानिणीची आई आली, तिनं लेकीला जवळ घेतलं. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. मी उठले आणि भिंतीवरचं टीव्हीचं बटण बंद केलं.

"लाईट गयी," मी म्हटलं.

आपानं वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. "पंखा चालू शे वं," ती म्हणाली.

"पंख्याची लाईट वेगळी आहे."

तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. इतकं मोठं, इतकं लबाड हसू मी तिचं बऱ्याच महिन्यांत पाहिलं नव्हतं. "हारनी ना?" तिनं विचारलं.

"हारनी."

"सर्वा पोचनात?"

"पोचनात," मी म्हटलं. मला तिच्या भाषेतलं तेवढंच धड येतं. मी खाटेशेजारी बसले आणि तिचा हात हातात घेतला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हात ढिला सोड, पुस्तकवाली. मी काही बांगडी भरी नही ऱ्हायनू."

तर सना, हनीफभाई, दित्या आणि बाजारातले सर्व माननीय सभासद, निकाल असा आहे. जिंकली ती. मी हरले, आणि हरून मला जेवढं बरं वाटलं तेवढं जिंकून कधी वाटलं नसतं. सातवा डबा त्यानंतर आम्ही लावला नाही. ती गेली ती अशाच एका दुपारी, झोपेत. मला तिची फार आठवण येते. बाजारातून जाताना पाय आपोआप त्या गादीकडे वळतात. तिथे आता तिची सून बसते, चांगली आहे, पण भांडत नाही. गेल्या आठवड्यात तिनं माझ्या हातात बांगड्या भरल्या तेव्हा दोन फुटल्या.

इथवरचं सगळ्यांनी वाचलं, तसा हनीफभाईंनी निरोप पाठवला, या, जहाज लावू. आम्ही सगळे जमलो. दित्यानं जीप दारातच लावली होती, आता त्याचा मुलगा चालवतो ती. हनीफभाई फळीपाशी उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. कोणता? मी म्हटलं, उजवीकडचा पहिला. त्यांनी डबा काढला. मागच्या पंधरवड्यात आमचा तो डबा संपला, कप्तानिणीला पेटीत ठेवून सोडून दिलं, आणि सना डोळे पुसत म्हणाली, "उद्या येईल ना ती?" येईलच. दुसऱ्या दिवशी आली, खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती.

आता पाच डबे राहिलेत. शेवटच्या दिवशीची जिलेबी दित्या आणणार आहे. गळाभेटीच्या वेळी बटण मी बंद करीन, असं हनीफभाई म्हणत होते. मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे, बटणाजवळची खुर्ची माझी.